गल्लीतला एकुलता एक गरीब

त्या गल्लीत गरीब असा एकच माणूस होता, आणि त्याला क्षणाची उसंत नव्हती. सगळे त्याला बिचारा म्हणायचे. लाकडाच्या वखारीतली नोकरी गेली त्या दिवशी गल्लीने त्याला जो पदरात घेतला, तो घेतलाच. घरटी एक, असे अकरा स्वेटर त्याच्याकडे जमले. पावणेनऊला दंतवैद्य कामावर निघायचा, तेव्हा कोपऱ्यावर बिचारा दंतवैद्याच्या निळ्या स्वेटरमध्ये दिसायला हवा. नऊला शिंपी दुकान उघडणार, की लगेच शिंप्याचा पिवळा. एकदा घाईत चुकीचा घातला गेला, तर शिंपीणकाकूंनी आठ दिवस तोंड फिरवलं. असल्या धावपळीत माणसाने काम शोधावं तरी कधी?

तरी पठ्ठ्याने शोधलं. इस्पितळाची लिफ्ट चालवायची, सोमवारी सकाळी सातला हजर. आनंद पोटात मावेना त्याच्या. मग मास्तरीणबाई आठवल्या.

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. रोज सातच्या ठोक्याला तीन जिने उतरून त्याला गरम चहा आणायच्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण चालायच्या त्या फक्त बिचाऱ्यासाठी. चहा बंद झाला तर बाई अंथरूण धरतील, या विचाराने त्याचा जीव तुटत होता.

रविवारी तो धीर करून वर गेला, आणि दारातच थबकला. बाई कुडकुडत बसल्या होत्या. स्वतःचा एकुलता एक स्वेटर उसवून त्याच लोकरीचा बारावा त्याच्यासाठी विणत होत्या. अंगातला काढून त्याने पुढे केला, तर बाई ताडकन उठल्या.

“मी काय गरीब आहे?”

“तसं नाही हो बाई. उद्यापासून मला नोकरी आहे. हे अकरा स्वेटर वेळच्या वेळी कोपऱ्यावर कोण घालणार? लोकांची मनं मोडतील. माझ्यावर एवढे उपकार करा.”

बाईंनी सुस्कारा टाकला. याचं मेलं माझ्यावाचून पानच हलत नाही, म्हणाल्या, आणि वेळापत्रक लिहून घेतलं.

सोमवारी पावणेनऊला दंतवैद्याने कोपऱ्यावर निळा स्वेटर पाहिला, समाधानाने मान हलवली आणि तो कामावर गेला. आत कोण आहे ते त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी बिचाऱ्याने बाईंना चहा करून दिला. अकरा वेळा जिने चढून-उतरून त्यांचे गाल लाल झाले होते.

“दमले रे बाबा,” त्या म्हणाल्या, “पण तुझं काही अडू दिलं नाही.”