पाठीवर परिघ वागवणारा गुण्या

मी गुण्या बोलतोय. काटकोनात वळलेली पोलादी पट्टी, एवढंच माझं रूप. पण माझी पाठ बघा! पुढच्या बाजूला साधी मापं आहेत, पाठीवर मात्र खुणा दाट कोरल्यात. पाठीनं पिंपाचा व्यास मोजला की आकडा मिळतो तो थेट परिघाचा. पिंपाचा सहावा भाग हवा असेल, तर त्या आकड्याचे सहा वाटे करायचे.

किसोच्या डोंगरात इसाबुरोनं माझ्या जिवावर आयुष्यभर बसून अंघोळ करायची लाकडी पिंपं बांधली. त्याची बायको तोसे माझं दुसरं टोक धरायची. "नीट धर गं! हात आहेत की सोबाच्या शेवया?" असं तो तिला चिडवायचा.

आता तोसेचं कंबरेखालचं अंग लुळं पडलंय. तिला एकदाच, घरच्या पिंपात, गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचंय. पण पिंपाचा बरोबर सहावा भाग कुजलेला. इसाबुरोनं तो काढून टाकला आणि नव्या फळ्यांचं माप घ्यायला मला उचललं.

मला वाटलं, नेहमीसारखा उलटवून पाठीनं व्यास मोजेल. पण त्यानं मला खिंडारावर सरळ आडवं धरलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं. अरे बाबा, पिंपाची भिंत बाक घेत जाते, सरळ अंतर कमीच भरणार!

"अहो, पाठ! पाठीनं मोजा ना," तोसे अंथरुणातून म्हणाली.

"मला शिकवू नकोस. जन्म गेलाय यात माझा."

तिचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्याचं माप कधी चुकलं नव्हतं.

फळ्या बसवल्या, बांबूची कडी आवळली, तरी बोटभर फट राहिली. "लाकूड पाणी पिऊन फुगेल," तो म्हणाला. केसभर फट बुजते तशी, पण बोटभर कशी बुजणार? तो रोज पाणी ओतायचा, रोज ते अंगणात वाहून जायचं.

आज तो हसत म्हणाला, "आज तू आधी." या घरात पहिली अंघोळ नेहमी त्याची. त्यानं तिला उचलून पिंपात बसवलं, वरून गरम पाणी ओतलं. पाणी छातीवरून कंबरेला, कंबरेवरून तळाला उतरत फटीतून वाहून गेलं.

"कसं वाटतंय?"

"पाणी छान ऊन आहे हो," ती कुडकुडत म्हणाली.

मग त्यानं मला हातात घेऊन उलटंपालटं केलं. "तोसे, ही पट्टी कसली गं?"

"ठेवा ती. आधी मला बाहेर काढा."

तो माझ्याकडेच बघत उभा आहे. अंधारून आलंय, ती पुन्हा हाक मारतेय. तुमच्यापैकी कुणी या वाटेनं येत असाल, तर पाय उचला. मला पडू द्या कुठंही, तिला तेवढं बाहेर काढा.