बुडाचा लेप

गिरीज गावच्या त्या आळीत गॅस पहिल्यांदा आला तो उर्सुलाच्या घरी, आणि त्याबरोबर उर्सुलाच्या अंगातली मास्तरीणही जरा जास्तच पेटली. शाळेत ती शिकवत होतीच. आता घरातही तास सुरू झाला. आधी काडी ओढायची, मग बटण फिरवायचं. भांडं सपाट बुडाचं हवं. जाळ बुडाबाहेर आला तर गॅस फुकट जातो आणि भांड्याचा कान तापून हात पोळतो. हे सगळं तिला शेगडी बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, पण आठवड्याभरात ती अशा थाटात बोलू लागली की जणू शोध तिनेच लावला.

विद्यार्थिनी एकच होती, सासू व्हेरोनिका. तिचं मागणं एवढंच होतं, "चूल राहू दे गो कोपऱ्यात." उर्सुलाने चूल फोडायचा दिवसही ठरवून टाकला, सणानंतरचा सोमवार. वर बजावलं, "आय, गॅसच्या बाबतीत तुम्ही मध्ये बोलायचं नाही." सणाला नणंद एमिली जेवायला येणार होती. तिच्यादेखत अख्खं जेवण गॅसवर झालं की चुलीचा निकाल लागला, असा उर्सुलाचा बेत होता.

चर्चमधली सणाची मिस्सा आटोपून सगळे घरी आले आणि बदकाचा टोप बर्नरवर चढला. थोड्याच वेळात निळा जाळ पिवळा पडला, टोपाच्या अंगावर काजळी चढली, मग बर्नर एका बाजूने विझला आणि गॅसचा वास सुटला. उर्सुला मनातून टरकली होती. तरी तिने बटण बंद केलं, सिलिंडर बंद केला, दारंखिडक्या सताड उघडल्या आणि कुणाला काडी ओढू दिली नाही. इथवर बाईंना पैकीच्या पैकी मार्क. मग बाईंनी तोंड उघडलं.

"आय, बटणाला हात लावलात ना तुम्ही?"

तेही एमिलीसमोर. व्हेरोनिकाने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

वास गेल्यावर उर्सुलाने फडक्याने टोप उचलला. बर्नरच्या भोकांत वाळक्या मातीचा भुगा भरला होता. तिने वाकून टोपाखाली पाहिलं. बुडाला राख-मातीचा लेप होता, अर्धा गळून पडलेला, आणि उरलेल्यावर चार बोटांचे फराटे. स्वतःची बोटं ओळखायला तिला वेळ लागला नाही. लग्न झाल्यापासून चुलीवर चढणाऱ्या प्रत्येक भांड्याला तिने असा लेप दिला होता, म्हणजे काजळी मातीला धरते आणि घासताना सुटते. पहाटे हात सवयीने राखेत गेला होता. आणि त्याच वेळी बाई मनात जुळणी करत होत्या की बूड स्वच्छ, कोरडं हवं, हे एमिलीला कसं समजावावं.

"तुम्ही पाहिलं होतंत, आय?"

"पाहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"गॅसचं बोलायचं नाही, म्हणालीस ना."

शरमलेल्या उर्सुलाने टोप खाली ठेवला. मग एमिलीकडे वळून म्हणाली, "आयनी कशालाच हात लावला नव्हता. माती मीच लावली, आणि आळ त्यांच्यावर घेतला."

अर्धं कच्चं बदक चुलीवर गेलं. जाळ सारताना व्हेरोनिकाने वाकून टोपाचं बूड पाहिलं. "उरलाय तेवढा लेप मात्र सारखा बसलाय," ती म्हणाली. "नवी नवरी होतीस, तेव्हा शिकवला होता मी."

सोमवारी चूल फोडायला गडी आला. उर्सुलाने त्याला बसवलं, चूल राहू दे म्हणून सांगितलं आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला उठली. बर्नरची भोकं तिने आदल्या दिवशीच टाचणीने साफ केली होती. काडी ओढण्याआधी तिने पातेलं सासूपुढे उलटं धरलं.

व्हेरोनिकाने बुडावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, आणि म्हणाली, "ठेव."