पाहुण्यांसाठी कापलेलं गवत

“अर्नी, हे काय करून ठेवलंस?”

क्लिफ हेगच्या हातातला चहा सांडायचाच बाकी राहिला. हॉल्डर्सबी टाऊन क्लबचं मैदान इस्त्री केल्यासारखं समोर पसरलं होतं. गेल्या शनिवारी तिथे घोटा बुडेल एवढा चिखल होता. आता वाळू टाकून, रोलर फिरवून, गवत बारीक कापलेलं होतं. संघाचा सराव शाळेच्या पटांगणावर चालायचा, त्यामुळे आठवडाभर क्लिफ इकडे फिरकलाच नव्हता.

“झकास ना?” अर्नी म्हणाला. मैदानाची देखभाल तोच करायचा, तीही फुकट. “आठवडाभर खपलोय. टीव्हीवाले येणारेत!”

दिवसा लोकांचे नळ दुरुस्त करून क्लिफ संध्याकाळी क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा. चषकाच्या सामन्यात एखादा बडा क्लब आपल्या मैदानावर यावा, याची त्याने वीस वर्षं वाट पाहिली होती. आज दुपारी तो येत होता. वेगात त्यांच्याशी बरोबरी होणं शक्यच नव्हतं, पण चिखलात सगळे सारखेच. क्लिफची सारी मदार त्या चिखलावर होती.

“गवताला हात लावू नकोस, असं बजावलं होतं ना तुला?”

“मला वाटलं, माझ्या पाठीची काळजी म्हणून म्हणतोयस.”

“तुझ्या पाठीची!”

“अरे, पण पाहुण्यांना काय चिखलात उभं करायचं? लोक काय म्हणतील आपल्याला?”

क्लिफने कपाळावर हात मारला आणि पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोली गाठली. ती तरी गारठलेली असेल, अशी त्याला आशा होती. आत खुद्द त्याची बायको डॉरीन हीटर लावून बाकांवर धुतलेले टॉवेल मांडत होती.

“अगं, तू पण?”

“गप रे. त्यांच्याही आया असतात घरी.”

असल्या गावाला घेऊन माणसाने लढायचं तरी कसं?

हॉल्डर्सबी पाच गोलांनी हरलं. त्या गवतावरून पाहुण्यांचा चेंडू नुसता घसरत होता. चौथ्या गोलानंतर क्लिफने ओरडणंही सोडून दिलं.

सामना संपल्यावर त्यांचा प्रशिक्षक हात मिळवायला आला.

“मैदान फार सुरेख राखलंय हो तुम्ही. आम्ही चिखलाची तयारी करून आलो होतो. कोणाचं काम हे?”

अर्नी जवळच उखडलेलं गवत दाताळीने परत बसवत होता. त्याने वाकलेली पाठ सरळ केली, टोपी काढली आणि क्लिफकडे पाहिलं. एव्हाना त्यालाही सगळं कळून चुकलं होतं. क्लिफच्या तोंडाशी भलभलते शब्द आले. वीस वर्षांनी लाभलेली एकुलती एक दुपार या माणसाने रोलरखाली घातली होती.

“हा आमचा अर्नी,” क्लिफ म्हणाला. “आमच्याकडे नेहमी असंच असतं मैदान.”

पाहुणा गेला. अर्नी टोपी हातातच धरून उभा होता. क्लिफने कुंपणाला टेकवलेली दुसरी दाताळी उचलली आणि गोलसमोरचं गवत बसवायला घेतलं.