गंगाबाईचं सातवं वाक्य

कुंभकोणमच्या पितळी दिव्यांच्या संग्रहालयाच्या अंगणात शनिवारी संध्याकाळी साडेसहाला हाँगकाँगचा एक जुना कुंग फू चित्रपट दाखवणार होते. व्यंकोजीराव सहालाच येऊन तिसऱ्या रांगेत बसले. मारामारीचे चित्रपट त्यांना कधीच आवडले नव्हते. ते बायकोचा आवाज ऐकायला आले होते.

गंगाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. लग्नानंतर तीन वर्षं ते मद्रासला होते. तेव्हा शेजारणीच्या ओळखीने तिने या चित्रपटाच्या तमिळ डबिंगमध्ये नायकाच्या आईला आवाज दिला होता. एकंदर सात वाक्यं. तमिळ आवाजाची प्रत इंटरनेटवर नव्हती. बंद पडलेल्या एका थिएटरच्या माळ्यावर रिळं सापडली आणि संग्रहालयाच्या शरण्याने ती नीट करून त्यांची डिजिटल प्रत काढून घेतली, हे व्यंकोजीरावांनी पेपरात वाचलं होतं.

सातपैकी सहा वाक्यं तमिळ होती. सातव्यात मुलगा लढायला निघतो. दिग्दर्शकाने सांगितलं, "घरी म्हणता तसं म्हणा." गंगाबाईने घरी म्हणत तसंच म्हटलं, मराठीत: "जपून ये रे, लेकरा." पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेल्या तिच्या माहेरी उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत मराठी, असा साडेतीनशे वर्षांचा रिवाज होता. स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून वाक्य तसंच राहिलं. ही फजिती ती पुढे चाळीस वर्षं सांगत राहिली.

साडेसहापर्यंत अंगण भरलं. शेजारच्या खुर्चीवर जवळच्याच पट्टीश्वरम्‌चे शेषाद्री येऊन बसले. पन्नाशीचे, हार्डवेअरचं दुकान, कपाळाला चित्रपटातल्या नायकासारखी पिवळी पट्टी.

"कितव्यांदा, सार?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"दुसऱ्यांदा."

"माझी ही विसावी वेळ, आधीच्या एकोणीस शाळेत असताना. मी ओरडलो तर दचकू नका. इथे सगळ्यांना सगळं पाठ आहे."

याचा अर्थ व्यंकोजीरावांना पहिल्या संवादाला कळला. पडद्यावरच्या गुरूबरोबर शंभर माणसं एका सुरात बोलली. दुसऱ्या संवादालाही बोलली. आई दारात आली तशा शिट्ट्या झाल्या आणि तिची पहिली दोन वाक्यं त्यात बुडाली.

"जरा हळू घ्या," व्यंकोजीराव म्हणाले.

"हळू? हळू बघायचं तर घरी बघावं, सार."

पुढची चार वाक्यंही तशीच गेली. मग मुलाने कमरेला पट्टा बांधला. सगळं अंगण उभं राहिलं. व्यंकोजीरावही उभे राहिले, नाहीतर पडदा दिसत नव्हता. आईचे ओठ हलले आणि शंभर घोगरे गळे गरजले, "जपून ये रे, लेकरा!"

"हे काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"चिनी आहे. तेवढं एक तमिळ करायचं राहून गेलं. शाळेत भांडणाआधी आम्ही हेच ओरडायचो."

"अर्थ काय?"

"'हाडं मोडून ये', असंच काहीतरी असणार." शेषाद्री खाली बसले. "बसा सार, आता खरी मजा आहे."

चित्रपट संपला, लोक सेल्फी काढून गेले. शरण्या वायरी गुंडाळत होती. व्यंकोजीराव तिच्यापाशी गेले.

"आई मुलाला निरोप देते, तेवढं पुन्हा लावाल? एकदाच. गलक्यात ऐकू आलं नाही."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि गुंडाळलेली वायर पुन्हा जोडली.

रिकाम्या खुर्च्यांपुढे आई दारात आली. आवाज बारीक होता, कोवळा. चोवीस वर्षांच्या मुलीचा. व्यंकोजीरावांच्या कानात शेवटच्या आजारपणातला बसलेला आवाज होता. त्यांना वाटलं, ही दुसरीच कोणी. मग 'लेकरा'तला 'ले' लांबला. त्यांची लेक मधुमिता कॉलेजला निघाली की तो असाच लांबायचा, थेट जिन्यापर्यंत.

"येतों," ते पडद्याकडे बघत घरच्या मराठीत म्हणाले.

शरण्याने मान वळवली. "तुम्हाला चिनी येतं, सार?"

"थोडं."

"कुठे शिकलात?"

"घरी. आता सुटत चाललंय."

तिचं बोट बटणावर होतं. "पुन्हा लावू?"

व्यंकोजीरावांनी रचून ठेवलेल्यांतली एक खुर्ची उतरवली आणि पडद्यासमोर ठेवली.

"लावा," ते म्हणाले.