वरच्या तळ्यातली मखमल

"चपला बाहेर काढा, भाऊजी," फाटकाचं कुलूप उघडता उघडता बाईंनी फर्मावलं. "तुमच्या नर्सरीची घाण आत नको."

धाकट्या दिराने मुकाट्याने चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो अनवाणी आत आला. शोभेची रोपं विकून गब्बर झालेला माणूस. पायाखाली खडा आला की कळवळत होता. बाईंना बरं वाटलं.

त्यांना बरं वाटावं असं जगात एरवी फारसं उरलं नव्हतं. त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते, रोपं विकणारे लोभी आणि घेणारे मूर्ख. पाण्यावर तरंगणारी, मऊ लवदार पानांची एक परदेशी वनस्पती दिराने 'मखमल' म्हणून विकली. लोकांनी ती हौसेने काचेच्या भांड्यांत ठेवली आणि हौस फिटल्यावर खालच्या तळ्यात ओतली. तिचा तुकडा पडला तरी त्याचं रोप होतं. बघता बघता तळं झाकलं गेलं आणि खालच्या अंधारात मासे गुदमरून मेले. तळ्याच्या राखणीची नोकरी बाईंची. रोज सकाळी मजुरांबरोबर त्या स्वतः पाण्यात उतरून मखमल उपसत, आणि उपसावी तितकी ती माजत होती.

उरलं होतं ते टेकडीवरचं हे लहानसं तळं. इथली कुमुदं, इथले बेडूक, इथले चतुर. खालचं तळं कधी मोकळं झालंच, तर ते इथल्याच बियाण्यातून पुन्हा वसवायचं होतं. हे गेलं की सगळंच संपलं. म्हणून बाईंनी कुंपण घातलं, कुलूप लावलं आणि एकुलती एक किल्ली गळ्यात अडकवली. खालचं काम आटोपलं की त्या एकट्याच इथे येत आणि माणसांचा वीट उतरेपर्यंत स्वच्छ पाणी बघत बसत.

काल त्या पाण्यावर मखमल दिसली. दिराला पुरावा दाखवून त्याचं तोंड बघायचं, म्हणून बाईंनी ती तशीच राहू दिली होती.

"बघा आपले प्रताप."

"वहिनी, मी आयुष्यात पहिल्यांदा येतोय इथे."

"चोराच्या उलट्या बोंबा! तुम्ही नाही तर तुमचं गिऱ्हाईक. कुंपणावरून भिरकावली असेल कुणा दीडशहाण्याने. आज तक्रार जातेय. नर्सरीला टाळं लागल्याशिवाय मी गप्प बसायची नाही."

"लोक मागतात, मी देतो. लोकांना हिरवं आवडतं."

"गोंडस नाव दिलंत तर लोक शेणही दिवाणखान्यात ठेवतील!"

 दीर पाण्याच्या कडेकडेने कुंपणालगत चालत गेला आणि परत आला.

"कुंपणाच्या बाजूला तर एक पानही नाही. सगळी इथेच आहे, या दगडापाशी." त्याने सपाट दगडाकडे बोट दाखवलं. "इथे कोण बसतं?"



दगडावर बाईच बसत. बसून बुटांचा चिखल या पाण्यात खळबळून धुवत. खालच्या घाणेरड्या तळ्याचा चिखल अंगावर घेऊन घरी जाणं त्यांना सोसत नसे.

आताही पायात तेच रबरी बूट होते. दगडाला हात टेकून त्यांनी एक पाय वर उचलून पाहिला. तळव्याच्या खाचेत ओला चिखल होता, आणि चिखलात एक लवदार हिरवं पान.

दीर हसेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या. त्याच्या जागी त्या स्वतः नक्की हसल्या असत्या, वर चार गोष्टी ऐकवल्या असत्या. तो हसला नाही. ते त्यांना जास्त झोंबलं. त्याने विजार आणखी वर दुमडली आणि पाण्याकडे निघाला.

"थांबा! उतरू नका पाण्यात!" सवयीनेच त्या ओरडल्या.

"माझ्या पायांत काही नाही, वहिनी."

तो पाण्यात उतरला. एकही पान तुटू न देता, दोन्ही हातांच्या ओंजळीने, तो मखमल अलगद उचलून काठावर ठेवू लागला. आयुष्यभर तिला जपून विकलं होतं. हाताळायची कशी ते त्याला ठाऊक होतं.

बाईंनी बूट काढले, पदरात गुंडाळले आणि फाटकाबाहेर त्याच्या चपलांशेजारी नेऊन ठेवले. मग त्या परत निघाल्या. खडे चांगलेच टोचत होते.