चोरकप्प्यातले वाक्य

माझ्या उजव्या कप्प्याच्या तळाशी शाईचा एक डाग आहे. लांबी साडेतीन सेंटिमीटर. एका टोकाला तो गडद आहे आणि दुसऱ्या टोकाला लाकडाच्या रेषांमधून केसासारखा बारीक होत गेला आहे. दौत कोणत्या बाजूने कलंडली, ते त्यावरून आजही सांगता येते.

मित्रांनो, मी एक जुनी लेखनपेटी आहे. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ, डेरी गावात एका सुताराने मला घडवले. झाकण उघडले की लिहायला उतरती फळी तयार होते. फळीखाली एक चोरकप्पा आहे. डावा कोपरा दाबला की तो उघडतो.

माझा पहिला मालक ह्यू, शेजारच्या डोनेगॉल परगण्याचा. मला काखेत घेऊन तो १७९२ साली जहाजाने फिलाडेल्फियाला गेला. अमेरिका तेव्हा अगदी नवा देश होता आणि फिलाडेल्फिया त्याची राजधानी. ह्यू तिथे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्यामुळे देशाचे राजकारण आधी त्याच्या बोटांना कळे आणि मग लोकांना. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्सचे युद्ध पेटले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले, की आपण कोणाच्याच बाजूने नाही. त्यावरून गावात दोन तट पडले. फ्रान्सने अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी रक्त सांडले, असे एक तट म्हणे. आपला व्यापार इंग्लंडशी आहे, असे दुसरा म्हणे. १७९५ साली इंग्लंडशी झालेल्या तहाचा मजकूर छापून आला, तेव्हा लोकांनी त्याच्या प्रती रस्त्यात जाळल्या. ह्यू रात्रभर माझ्या फळीवर त्या तहाविरुद्ध लिहीत बसला. पण मतदानाच्या दिवशी तो दाराबाहेर उभा राहिला. तो नागरिक नव्हता.

नागरिक व्हायचे तर आधी न्यायालयात जाऊन एक वाक्य शपथेवर सांगावे लागे: अमेरिकेचा नागरिक होण्याचा आणि इंग्लंडच्या राजावरची निष्ठा कायमची सोडण्याचा माझा हेतू आहे. राजाबद्दल ह्यूला काडीचे प्रेम नव्हते. पण घरी आई होती. वाक्य बोललो तर घरी परतण्याची वाट बुजली, असे त्याला वाटे. त्याने ते कागदावर उतरवले, खाली न्यायालयात जायची तारीख घातली आणि कागद चोरकप्प्यात ठेवला. तारीख उलटल्यावर ती खोडून त्याने दुसरी घातली.

१७९८च्या जूनमध्ये नवा कायदा आला. आता पाच नव्हे, चौदा वर्षे राहिल्यावर नागरिकत्व. शिवाय परक्या माणसाला राष्ट्राध्यक्ष हवे तेव्हा देशाबाहेर काढू शकणार होते. बातमी वाचताना ह्यूचा हात दौतीला लागला. हा डाग तेव्हाचा.

चार वर्षांनी अट पुन्हा पाच वर्षांवर आली. तरी तो न्यायालयात गेला नाही. मग १८०७च्या अखेरीस सरकारने परदेशी जाणारी जहाजे बंदरातच अडकवली. आपला माल मिळाला नाही की इंग्लंड आणि फ्रान्स वठणीवर येतील, असा हिशेब होता. ते दोघे वठणीवर आले नाहीत. ह्यू मात्र अडकला. आई गेल्याचे पत्र त्याला अकरा महिन्यांनी मिळाले. बंदी उठल्यावर तो मला घेऊन परतला, तेव्हा आई नव्हती आणि गाव त्याला 'अमेरिकन' म्हणत होते. तिकडे सगळे 'आयरिश' म्हणत. शेवटची वर्षे तो माझ्यासमोर नुसता बसून असे. दौत कोरडी पडली होती.

त्यानंतर माझ्यात बटणे राहिली, बियाण्यांच्या पुड्या राहिल्या, बराच काळ काहीच राहिले नाही. मित्रांनो, रिकाम्या पेटीला आपल्याच लाकडाचा वास येत राहतो.

सात वर्षांपूर्वी डोनेगॉलमधल्याच लेटरकेनी गावच्या जुन्या सामानाच्या दुकानातून मला डॉ. निशिगंधा यांनी उचलले. त्या इथल्या रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात आहेत, मूळच्या अमरावतीच्या. मला पुसताना त्यांनी हा डाग भिंगातून पाहिला आणि घासला नाही. मला फार बरे वाटले.

त्यांचे पती शैलेंद्र दूर डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला नोकरी करतात आणि शुक्रवारी येतात. त्यांनी आयरिश नागरिकत्व केव्हाच घेतले. मुलगी रेवा इथलीच. डब्लिनच्या विमानतळावर ते दोघे एका रांगेत उभे राहतात आणि निशिगंधाबाई दुसऱ्या. भारत दोन नागरिकत्वे ठेवू देत नाही. इथले घ्यायचे तर तिथला पासपोर्ट परत करायचा.

त्यांचा अर्ज माझ्या डाव्या कप्प्यात आहे. वर पेन्सिलने लिहिले आहे: 'बाबांच्या मोतीबिंदूनंतर.' ते खोडून: 'दिवाळीनंतर.' तेही खोडून: 'निवडणुकीनंतर.'

बाबा म्हणजे नरेंद्रराव, अमरावतीचे निवृत्त शिक्षक. निवडणुकीच्या कामावर त्यांनी तीस वर्षे मतदारांच्या बोटांना शाई लावली. मुलीचे नाव त्यांनी गावच्या मतदार यादीत जपून ठेवले आहे. शेजाऱ्यांना ते अभिमानाने सांगतात, की माझी पोरगी तिकडे राहून इकडचीच आहे. इथल्या सार्वमताच्या दिवशी निशिगंधाबाई शैलेंद्रना मतदान केंद्रावर सोडतात आणि गाडीत बसून राहतात.

गेल्या रविवारी रेवा शाळेच्या इतिहासाच्या प्रकल्पासाठी माझे फोटो काढत होती. तिचा अंगठा डाव्या कोपऱ्यावर पडला. दोनशे वर्षांनी चोरकप्पा उघडला.

तिने ह्यूचा कागद वाचला, खोडलेल्या तारखा मोजल्या. मग डाव्या कप्प्यातला अर्ज काढून त्याच्याशेजारी ठेवला. इथली मुले कोणत्याही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात.

"युअर मॅन नेव्हर सेड इट, ममा," ती म्हणाली.

निशिगंधाबाईंनी दोन्ही कागद वाचले. चष्मा काढून त्यांनी पुसला. मग म्हणाल्या, "वाक्य तर पूर्ण लिहिलंय त्यानं. एकही चूक नाही."

तेवढ्यात फोन वाजला. दर रविवारी याच वेळी येतो. त्यांनी तो माझ्या फळीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"काहून वं पोरी, आवाज असा काहून येते तुहा?" नरेंद्रराव म्हणाले. "जेवली नाही का? आन् आइक, नवीन यादी आली. तुहं नाव हाये बरं. मी सोता पाह्यलं. फक्त तूच इथं नाहीस." ते आपल्याच विनोदावर हसले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना पुसा, तेलपाणी करा, ते हवेच. पण आमच्यात काही ठेवलेत, तर ते कधीतरी बाहेर काढा. लाकूड वाट पाहू शकते. माणसाला तेवढी वर्षे नसतात.

निशिगंधाबाईंनी तळहात माझ्या फळीवर टेकवला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "यादीतलं माझं नाव आता कमी करायला सांगा. मी इथली नागरिक होतेय."