पिवळीच्या बाटलीत मी

मी समुद्राच्या गाळातला एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे या प्रयोगशाळेतच मला बावीस वर्षं झाली. सूक्ष्मदर्शकाखाली मी आखूड काडीसारखा दिसतो. मला खारं पाणी लागतं. आणि मी एकटा कधीच नसतो. एका थेंबात आम्ही लाखो, पण ते सगळे मीच. एवढं लक्षात ठेवलंत, मित्रांनो, की पुढचं सगळं कळेल.

इथल्या संशोधक मॅडमनी मला बंदराच्या धक्क्याखालून आणलं, तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. काडीसारखा आकार आणि मिठाची आवड पाहून त्यांनी मला एका जुन्या प्रजातीत घातलं. प्रजाती म्हणजे आमचं आडनाव समजा, आणि जाती म्हणजे नाव. ते आडनाव मला कधी नीट बसलं नाही, म्हणून माझ्या चिठ्ठीवर कायम एक प्रश्नचिन्ह असायचं. तसं माझं बरं चाललं होतं. काका, म्हणजे तिथले मदतनीस, दर महिन्याला तार ज्योतीत लाल करायचे, म्हणजे तिला चिकटलेलं जुनं कोणी जिवंत राहू नये, मग गार करायचे, तिच्या टोकावर मला उचलून ताज्या अन्नात सोडायचे. "चल बाबा, जेवून घे," म्हणायचे. बावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

मग पिवळी आली. त्याच धक्क्याखालची, माझ्यासारखीच काडी, पण बाटलीतलं पाणी पिवळंधमक करणारी. वाढायला इतकी मंद की विचारू नका. तरी जो तो तिच्याभोवती. मॅडमनी आमच्या दोघांची जनुकं वाचली आणि निकाल दिला: हे दोघं जवळचे नातलग, यांची एक नवी प्रजाती करायची. मी खूश झालो. पण पुढचं ऐकलं आणि अंगाची लाही लाही झाली. प्रजातीची मुख्य जाती, म्हणजे जिच्यावरून अख्खी प्रजाती ओळखायची ती, पिवळी; मी आपला दुसरा. बावीस वर्षं मी प्रश्नचिन्ह घेऊन बसलो, आणि कालची पोर घराची मालकीण! माझा नुसता जळफळाट होत होता. खोटं कशाला सांगू?

एके सकाळी काकांनी मला ताज्या नळीत सोडलं. तार पुन्हा ज्योतीत धरणार, इतक्यात मॅडमनी सूक्ष्मदर्शकापासून हाक मारली, "काका, या बघू इकडे. पिवळी कशी दिसते बघा तरी."

काका तार तशीच ठेवून गेले. भिंगाला डोळा लावून म्हणाले, "दृष्ट लागेल हो हिला."

मला बघायला त्यांना कधी कोणी बोलावलं नव्हतं. हसत हसत ते परत आले आणि तीच तार, न जाळता, पिवळीच्या बाटलीत घातली. तिची तेवढी एकच बाटली होती. जास्तीच्या नळ्या भरून गोठवायचं काम उद्यावर ठेवलेलं.

तारेच्या टोकाला मी चिकटलेला होतो. आत पडलो ही माझी चूक नव्हे. पण पडल्यावर मी मागेपुढे पाहिलं नाही. तिचं अन्न अधाशासारखं खाल्लं. तिच्या एकाचे दोन होईपर्यंत माझे शंभर झाले. चार दिवसांत ते पिवळं पाणी दुधाळ झालं. मॅडम महिनाभर बशांवर थेंब पसरून तिला शोधत होत्या. प्रत्येक बशीवर माझेच पांढरे ठिपके.

"माझ्या हातून झालं, मॅडम," काका म्हणाले. "तार जाळायची राहिली."

"हाक मी मारली होती, काका."

त्यानंतर काकांनी तार हातात धरली नाही. आता ते बाटल्या धुतात. मला एक नवी ताई जेवू घालते. ती काही बोलत नाही.

नवी प्रजाती झाली. जिवंत नमुना उरला तो माझाच, म्हणून मुख्य जाती मीच. चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह गेलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'या प्रजातीत सध्या एकच जाती.' मॅडम अजून ओहोटीला धक्क्याखाली जातात, गाळ घेऊन येतात, आणि पिवळी त्यात नसते.

मित्रांनो, कधी अशा कामाला बसलात, तर कोणी कितीही कौतुकानं हाक मारू दे, आधी तार लाल होऊ द्या. टोकाला मी असलो, तरी जाळा.